‘बोलेल की हळूहळू’

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे. ज्या मुलांविषयी लिहायचं आहे ती सकाळी एका खात्याच्या अंगणवाडीत बसलेली असतात आणि ताप आला की दुसऱ्या खात्याच्या दवाखान्यात येतात. मूल तेच असतं. त्याच्या बोलण्याची काळजी मात्र दोन्ही खात्यांच्या मधल्या पायरीवर राहून जाते.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. शिक्षण मुंबईत झालं आणि गेली सतरा वर्षं मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी काम करते. ज्या मुलांना बोललेलं समजायला किंवा स्वतः बोलायला उशीर होतो, त्यांच्याबरोबर सतरंजीवर बसायचं हे माझं काम. गावात या कामाला नाव नाही. कुणी मला ‘बोलायच्या बाई’ म्हणतं, कुणी ‘जिभेच्या डॉक्टर’. मी डॉक्टर नाही आणि बहुतेक वेळा दुखणं जिभेचं नसतंच, पण त्याविषयी पुढे लिहिते.

दिवाळीच्या तोंडावर एक आजी नातवाला घेऊन आल्या. मुलगा पावणेचार वर्षांचा. आल्या आल्या तो खिडकीशी गेला, बाहेर ट्रॅक्टर उभा होता. त्यानं आजींचं मनगट धरून त्यांना तिकडं ओढत नेलं, त्यांचा हात गजावर ठेवला आणि गप्प उभा राहिला. ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं नाही की वळून आजींच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आजींनी पदराची गाठ सोडून एक कागद काढला, घड्यांवर विरलेला. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकानं तो लिहून दिला होता : बोलण्यात विलंब, पुढील तपासणीस पाठवावे. तारीख दीड वर्षापूर्वीची. म्हणजे पथकानं मूल बरोबर हेरलं होतं आणि वेळेत हेरलं होतं. मुलगा तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता.

‘मग गेला नाहीत का?’ मी विचारलं. गेल्या होत्या. दोन एसटी बदलून गेल्या होत्या. त्या दिवशी ‘बोलण्याचं बघणारं’ कुणी नव्हतं, पुढच्या महिन्यात या म्हणाले. पुढच्या महिन्यात मुलाचे आईवडील कारखान्याकडे ऊसतोडीला निघाले आणि मूल त्यांच्याबरोबर गेलं. अख्खा हंगाम फडावर. परतले ते गुढीपाडव्यानंतर. तोवर घरानं आपली समजूत घालून घेतली होती : बोलेल की हळूहळू, त्याचा बापसुद्धा उशिराच बोलला होता.

तो कागद मी आजींना परत दिला. त्यांना तो जपून ठेवायचा होता. पण त्याच्यामुळेच मी हे पत्र लिहायला बसले आहे.

‘बोलेल की’ या शब्दांत माया असते, म्हणून ते खोडून काढणं मला नेहमी जड जातं. शिवाय त्यात थोडं खरंही असतं. दुसऱ्या वर्षाला मागे असलेली बरीच मुलं पुढे आपोआप इतरांना गाठतात. अडचण अशी की कोणतं मूल गाठेल आणि कोणतं नाही, हे नुसती वाट पाहून कळत नाही. त्याला ऐकू येतं का, सांगितलेलं समजतं का, हवी ती वस्तू बोटानं दाखवतं का, खेळण्यातल्या चुलीवर खोटाखोटा चहा करतं का, हे जाणत्या माणसानं तासभर पाहिलं तर पुष्कळ काही कळतं. सहा-सात महिन्यांनंतर बाळ ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ ओवू लागतं. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो. दोन वर्षांचं झालं की ‘आई ये’, ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडले जातात. वाढीच्या अशा खुणा आपल्या माता-बाल संरक्षण पुस्तिकेत छापलेल्या आहेत. लसींचं पान घरोघर उघडलं जातं, हे पान कुणी उघडून दाखवलेलं मी फार क्वचित पाहिलं. सेविका दर महिन्याला मुलाचं वजन करते, उंची घेते, आलेखावर ठिपका देते. ठिपका खाली घसरला की धावपळ होते. शब्दांचा असा ठिपका कुणी देत नाही, म्हणून त्यांची घसरण कुणाला दिसत नाही.

मग घरोघरचे उपाय सुरू होतात. पोपटानं उष्टावलेला पेरू शोधून आणतात. वेखंड उगाळून जिभेवर फिरवतात. नवस बोलतात. जीभ चिकटली आहे म्हणून जिभेखालचा पडदा कापूनही आणतात. तो पडदा खरंच आखूड असला तर तान्ह्या बाळाला दूध ओढताना त्रास होतो, पुढे जीभ वर उचलून काढायचे काही उच्चार अडू शकतात. पण त्यामुळे मूल बोलायचंच राहतं असं होत नाही. ज्या मुलाच्या मनात ‘पाणी’ हा शब्दच अजून उगवलेला नाही, त्याची जीभ मोकळी केल्यानं तो कुठून येणार? या आयांवर मी कधीही रागावले नाही. त्यांनी पेरू दिला, कारण दुसरं काही घेऊन त्यांच्या दारात कुणी आलंच नव्हतं.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाची पहिली चिठ्ठी मी कानाच्या तपासणीची लिहिते. चार वर्षांची एक मुलगी होती. आई म्हणाली, ‘बाई, हिला हाक मारली तर वळतच नाही. आम्हाला वाटायचं लाडाची हाय, नाटकं करती.’ तपासणीत दोन्ही कानांत मध्यम श्रवणदोष निघाला. दार आपटलेलं तिला ऐकू यायचं, परात पडली की ती दचकायची, त्यामुळे घरच्यांना कानाची शंकाच आली नव्हती. पण ‘स’, ‘फ’ यांसारखे हलके, उंच पट्टीतले आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हते आणि दुरून मारलेली हाक तिच्या लेखी नुसती कुजबूज होती. तिला भाषा तुटक तुटक मिळत होती आणि तिनं तशीच परत दिली होती. कानाची मशीन लावल्यावर पहिल्या आठवड्यात ती आईच्या बांगड्यांकडे पाहत बसायची, असं आईनंच सांगितलं. बांगड्या वाजतात हे तिला चौथ्या वर्षी कळलं.

कायमचा श्रवणदोष घेऊन जन्मणारी बाळं दर हजारी एक ते तीन असतात. त्यांच्यासाठी जगभर एक सोपा नेम मानला जातो : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार. ओएई ही चाचणी झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होते, बाळ उठतसुद्धा नाही. केरळनं आपल्या सरकारी प्रसूतिगृहांत ती रुजवली. आपल्याकडे ती होते की नाही, हे बाळ कुठल्या गावात जन्मलं यावर ठरतं. घाई एवढ्यासाठी की मेंदूतला ऐकण्याचा भाग पहिल्या दोन-तीन वर्षांत आवाजांवर पोसला जातो. त्या काळात आवाज पोचला नाही, तर पुढे कितीही चांगलं यंत्र लावलं तरी मेंदूला त्या आवाजाचं काय करायचं हे शिकवायला फार कष्ट पडतात.

मंत्रिमहोदय, आपल्या राज्यानं या बाबतीत काही केलंच नाही, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला तो आपल्याच पालघरहून. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, आणि त्यात जन्मजात व्यंगं, कमतरता, आजार यांच्या जोडीला विकासातला विलंब हाही शब्द ठळकपणे घातलेला. दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत जातं आणि एकदा शाळेत. मूल हेरलं की पुढे जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ आणि कान-वाचेचा तज्ज्ञ एका छताखाली असावेत अशी रचना. मी ती मार्गदर्शक पुस्तिका वाचली आहे. मनापासून केलेलं काम आहे ते.

पालघरचं नाव घेतलं की मला आणखी एक गोष्ट आठवते. त्याच जिल्ह्यातल्या बोर्डीत ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तेव्हापासून त्यांच्याबरोबर. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत तेव्हा शाळेनंच त्यांच्या अंगणात जायचं, हा विचार त्या दोघींनी तिथे प्रत्यक्षात आणला. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम तिथला. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशाची एकात्मिक बालविकास सेवा सुरू झाली, तेव्हा तोच शब्द गावोगाव पोचला. आज आपल्या राज्यात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. म्हणजे मुलाच्या अंगणात जाण्याची कल्पना आपली, आणि मुलाला वेळेत हेरण्याच्या कार्यक्रमाची सुरुवातही आपल्या मातीतली. तरीसुद्धा आजींच्या पदरातला कागद दीड वर्ष तसाच राहिला. हेरणारे अंगणात आले, उपचार करणारं माणूस मात्र तिथून दोन एसटी लांब राहिलं, आणि एवढ्या अंतरात मुलाचं वय निघून गेलं.

हा उपचार म्हणजे नेमकं काय, हे थोडं सविस्तर सांगते. त्याशिवाय माझी मागणी कळणार नाही.

लोकांना वाटतं मी जिभेचे व्यायाम घेते. खरं तर माझं निम्मं काम गप्प बसण्याचं असतं. साबणाचे फुगे उडवायचे आणि डबी बंद करून थांबायचं. मनात पाच आकडे मोजायचे. मूल माझ्याकडे पाहतं, डबीकडे पाहतं, पुन्हा माझ्याकडे पाहतं. ती नजर हे त्याचं पहिलं वाक्य. मग मी म्हणते, ‘अजून?’ आणि फुगा उडवते. पुढच्या वेळी ‘अ’ एवढंच येतं, तरी फुगा उडतो. मूल ‘गाडी’ म्हणालं की आपण ‘गाडी आली’ म्हणायचं, ‘गाडी आली’ म्हणालं की ‘लाल गाडी आली’, त्याच्यापुढे फक्त एक पाऊल. ‘हे काय? ते काय? सांग ना काकांना’ अशी सरबत्ती थांबवायची. आई पीठ मळत असेल तर गोळा मुलाच्या हातात द्यायचा आणि ‘दाब’, ‘मऊ’, ‘गोल’ एवढेच शब्द पुन्हा पुन्हा त्याच्या कानावर घालायचे. कोंबडी, शेरडू, बादली, दोरी ही सगळी माझी साधनं. प्लास्टिकचे महागडे संच खेड्यातल्या एकाही आईला मी आजवर विकत घ्यायला लावलेले नाहीत.

आपली भाषा या कामात फार मदत करते. ‘भूभू’, ‘हम्मा’, ‘चिऊ’, ‘काऊ’, ‘मम’, ‘पापा’, ‘जोजो’ या शब्दांकडे पाहा. बहुतेकांत ओठांनी सहज काढता येतील असे आवाज, नाहीतर तेच अक्षर दोनदा. पिढ्यान्‌पिढ्या आज्या-पणज्यांनी बाळाच्या तोंडाला पेलतील असे शब्द घडवून ठेवले आहेत. ‘टपटप’, ‘धपकन’, ‘भुर्र’ यांत तर नाद आणि अर्थ एकमेकांना चिकटलेलेच असतात. हातावर बोटांचा काऊ-चिऊ खेळ खेळताना आजी न वाचलेल्या पुस्तकातलं तंत्रच वापरत असते. पाळी कुणाची, थांबायचं कुठे, हसायचं कधी, हे सगळं त्या खेळात येतं. पूर्वी ते घरात होतं. आता मोबाइल हातात देऊन जेवू घालतात, आणि शहरात देतात तसंच तांड्यावरही देतात. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये, नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल सोडून, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ साली सांगितलं आहे. मोबाइलमुळेच बोलणं थांबतं असं मी म्हणत नाही. पण मोबाइल मुलाचं उत्तर ऐकायला थांबत नाही, आणि मूल बोलायला शिकतं ते कुणीतरी त्याच्यासाठी थांबल्यामुळे.

हे सगळं आठवड्यातून एकदा, महिनोन्‌महिने करावं लागतं, आणि मधल्या सहा दिवसांत घरच्यांनी करावं लागतं. खरी थेरपिस्ट आई असते, किंवा आजी. मी तिला दाखवते, तिचं चुकलं तर हसून पुन्हा दाखवते, ती दमली की तिचं ऐकून घेते. सरकारी रचनेत नेमकी हीच गोष्ट बसत नाही. एकदा करून संपणारं काम आपली यंत्रणा चांगलं करते : एक तपासणी, एक शस्त्रक्रिया, एक यंत्रवाटप, एक शिबिर. दर आठवड्याला तेच मूल, तीच सतरंजी आणि कधी कधी महिनाभरात फक्त एक नवा शब्द, अशा कामाला तिच्या नोंदवहीत रकाना नाही.

शस्त्रक्रियेचंच पाहा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवण्यासाठी सरकार लाखो रुपये देतं आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण इम्प्लांट चालू झालं म्हणजे मूल बोलू लागलं असं नसतं. त्या दिवशी त्याचा कान जन्मतो. पुढची दोन-तीन वर्षं त्याला प्रत्येक आवाज ओळखायला शिकवावं लागतं. केरळच्या ‘श्रुतितरंगम’ योजनेत शस्त्रक्रियेच्या जोडीला या प्रशिक्षणाचाही विचार केलेला आहे. माझ्याकडे एक मुलगा आला होता, इम्प्लांट बसवलेलं, पण यंत्र डब्यात बंद. दर आठवड्याला शहरात जायचं गाडीभाडं त्याच्या वडिलांना परवडलं नाही. टाळू दुभंगलेल्या मुलांचंही तसंच. साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असतो. मोफत शस्त्रक्रिया होते, चेहरा छान दिसतो, फोटो निघतो. नंतर ते मूल नाकातून बोलतं, वर्गात त्याला गेंगाणा म्हणून चिडवतात, आणि त्याला उच्चार शिकवायला जवळपास कुणी नसतं.

माणसं नाहीत असं मला सांगितलं जातं. ते मला पटत नाही. या विषयाचं शिक्षण देशात ज्या ठिकाणी सर्वांत आधी सुरू झालं त्यांत मुंबईचं नायर रुग्णालय आहे, तिथला अभ्यासक्रम साठच्या दशकातला. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करून मुलं-मुली बाहेर पडतात आणि मुंबई-पुण्यातच राहतात, किंवा परदेशी जातात. का जाणार नाहीत? वीस-पंचवीस लाख वस्तीच्या जिल्ह्याला केंद्रात या कामाचं एक पद. तेही कंत्राटी. ते माणूस सोडून गेलं की खुर्ची महिनोन्‌महिने रिकामी, आणि पथकं मात्र चिठ्ठ्या लिहीतच राहतात. माझी पहिली विनंती म्हणून साधी आहे. राज्यातल्या प्रत्येक शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कान-वाचा तज्ज्ञाचं पद आज भरलेलं आहे की रिकामं, हे जिल्हावार जाहीर करा. किती मुलांना चिठ्ठी दिली, त्यांतली किती केंद्रात पोचली आणि किती मुलांचे दहापेक्षा जास्त आठवडे उपचार झाले, हे तीन आकडे दर सहा महिन्यांनी छापा. हे आकडे समोर आले तर पद किती काळ रिकामं ठेवायचं याचा विचार आपोआप वेगळा होईल.

आता भाषेविषयी. इथे मला थोडं तळमळून बोलावं लागणार आहे.

मूल उशिरा बोलतं म्हणून घरची भाषा सोडा, शाळेची भाषा बोला, असा सल्ला शिकलेली माणसं सर्रास देतात. पुण्या-मुंबईतल्या आणि परदेशातल्या मराठी घरांना इंग्रजी बोला म्हणून सांगतात. आमच्याकडे तांड्यावरच्या बंजारा घरांना मराठी बोला म्हणून. दोन भाषा ऐकल्यानं मुलाचं बोलणं लांबतं, याला अभ्यासाचा काही आधार नाही. एक तरुण बंजारा आई यायची. तिला मराठी तोडकं-मोडकं येई, पण कुणीतरी सांगितल्यामुळे ती मुलाशी मराठीच बोलायची. म्हणजे काय, तर ‘ये’, ‘जा’, ‘खा’, ‘बस’ एवढंच. तिची गाणी, तिचं चिडणं, तिचं लाडानं हाक मारणं, सगळं गोरबोलीत होतं आणि ते सगळं तिनं मुलाच्या बाबतीत बंद केलं होतं. मी तिला म्हटलं, बाई गं, तू तुझ्या बोलीत बोल, मला नाही कळलं तर तू मला शिकव. तिला ते खरंच वाटेना. तिसऱ्या आठवड्यात ती खोलीत शिरली ती बोलतच, मुलाशी आणि माझ्याशी एकदमच. त्या मुलाचा पहिला स्वच्छ शब्द होता ‘याडी’. त्यांच्या भाषेत आई. तो ऐकून ती जमिनीवर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

मेळघाटातली कोरकू, गडचिरोलीतली माडिया, नंदुरबारकडची पावरी, खानदेशातली अहिराणी, पालघरची वारली. उपचार करणाऱ्या माणसाला या सगळ्या येणार नाहीत. पण अंगणवाडी सेविका बहुधा त्याच गावची असते आणि तिला ती बोली येते. म्हणून तिला सहा दिवसांचं चांगलं, हाताला धरून दिलेलं प्रशिक्षण द्या. केंद्र सरकारनं २०२३ साली दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती काढली आहे आणि २०२४ साली तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आराखडा. कागद आहेत. सेविकेला मात्र आधीच इतक्या नोंदी भराव्या लागतात की मुलाशेजारी बसायला तिला वेळ उरत नाही. नवीन काम देताना जुनं एखादं ओझं उतरवा, ही तिच्या वतीनं माझी विनंती. तिचं मानधन वाढवण्याविषयी तिच्या संघटना बोलतच असतात, आणि मी त्यांच्या बाजूची आहे.

आमच्याकडे मोजपट्ट्याही उसन्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर बेतलेल्या. त्यांना ‘ळ’ माहीत नाही, जो आपल्या मुलांना उशिरा जमतो आणि तोवर ‘पोळी’ची ‘पोली’ होते. चाकातला ‘च’ आणि चहातला ‘च’ वेगळा, हे त्यांना माहीत नाही. दिवसभर आईजवळ असलेला अडीच वर्षांचा मुलगा ‘मी जाते’ म्हणतो तेव्हा तो चुकत नसतो, जे ऐकलं ते इमानानं बोलत असतो, हेही त्यांना माहीत नाही. मराठी आणि तिच्या शेजारच्या बोली बोलणाऱ्या मुलांची वाढ मोजण्यासाठी आपली स्वतःची मोठी पाहणी हवी. राज्यातली विद्यापीठं आणि मुंबईतल्या संस्था ती करू शकतात. फार मोठा खर्च नाही तो.

एक गोष्ट कायद्याची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यांत वाचा व भाषेचं अपंगत्व आहे. पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढावं लागणं किंवा मेंदूच्या आघातानं भाषा जाणं अशा, कायमच्या अपंगत्वाकडे झुकलेली आहे. ज्या मुलाचे कान ठीक आहेत, बुद्धी ठीक आहे आणि तरी भाषा उमलत नाही, ते त्या व्याख्येत कुठे बसवायचं ते प्रमाणपत्र देणाऱ्यालाही कळत नाही. अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या मोठ्या पाहण्यांत शाळेत जाऊ लागलेल्या दर शंभर मुलांत सुमारे सात जणांना अशी अडचण आढळली, म्हणजे तिसांच्या वर्गात दोन. आपल्याकडे ती मुलं ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसतात. त्यांना प्रमाणपत्र द्या असं मी म्हणत नाही, कारण त्यांतल्या अनेकांना ते कधी लागणारही नाही. उपचाराची दारं प्रमाणपत्रावाचून उघडी ठेवा, एवढंच.

आणि शेवटची, माझ्या मनातली सर्वांत जवळची मागणी. जिल्ह्याच्या केंद्राला तालुक्यात आणा. आमच्या गावचा आठवडे बाजार मंगळवारी असतो. त्या दिवशी चाळीस-पन्नास गावांतून जीप आणि टमटम येतात, बायका कोथिंबीर-मेथीच्या जुड्या घेऊन येतात, दुपारपर्यंत विकतात आणि चारच्या सुमाराला परततात. मुलं बरोबर असतात. दवाखान्याला वेगळा दिवस, वेगळं भाडं, वेगळी मजुरी बुडवणं त्यांना जमत नाही, बाजाराला त्या येणारच असतात. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बाजाराच्या दिवशी एक खोली द्या आणि दर आठवड्याला तेच माणूस पाठवा, बदलतं नको, मुलांना ओळखीचा चेहरा लागतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा कागद त्यांच्याबरोबर कारखान्याच्या तालुक्यात पोचेल अशी सोय करा, म्हणजे कोयता जिथे जाईल तिथल्या बाजाराच्या दिवशीही मुलाला तीच खोली सापडेल. ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने तीन वर्षांच्या मुलासाठी फार असतात.

त्या आजी आता येतात, मंगळवारीच. जुड्या विकायला सुनेला बसवतात आणि नातवाला माझ्याकडे आणतात. मागच्या खेपेला खिडकीबाहेर पुन्हा ट्रॅक्टर होता. मुलानं आजींचं मनगट धरलं, ओढलं, आणि मग हात सोडून स्वतःचं बोट पुढे केलं. शब्द नव्हता. पण बोट दाखवून तो वळला आणि आजींनी पाहिलं की नाही हे त्यानं पाहिलं. आजी म्हणाल्या, ‘हां, टॅक्टर.’ मग त्या माझ्याकडे वळल्या आणि परतीची जीप किती वाजता सुटते ते विचारू लागल्या, कारण आता दर मंगळवारी तीच धरायची होती.

आपली विश्वासू,
एक स्पीच थेरपिस्ट, मराठवाडा